जिवंत स्टॉक बंद करण्याआधी हे वाचा: संशोधनाचा निधी ठरवणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
संशोधनाचा निधी ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य, आणि ज्यांच्या सहीवर प्रयोगशाळा चालू राहतात किंवा बंद पडतात ते सगळे संचालक,

नमस्कार.

मी फ्लाय रूम सांभाळते. म्हणजे फळमाश्यांचे, ड्रोसोफिलाचे, हजारेक वेगवेगळे स्टॉक (ठरावीक जीन असलेले, पिढ्यानपिढ्या वाढवलेले वंश) जिवंत ठेवणं हे माझं काम. नोकरीला लागल्यापासून हेच केलंय आणि आवडीने केलंय. मी शास्त्रज्ञ नाही, पेपरमध्ये माझं नाव आलंच तर शेवटी आभारात येतं, पण ज्या माश्यांवर ते पेपर निघतात त्या सगळ्या माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते आणि आता गप्प बसणं मला जमणार नाही.

झालं असं की आमच्याकडे वरून पत्र आलं. जिवंत संग्रह या आर्थिक वर्षाच्या शेवटी बंद करायचा, स्टॉक लागतील तेव्हा बाहेरून मागवायचे, टेक्निशियनची कंत्राटं पुढे वाढवायची नाहीत, आणि वाचलेला निधी "मानवी आरोग्याशी थेट संबंध असलेल्या" प्रकल्पांना द्यायचा. बस, एवढंच. कोणते स्टॉक आहेत, त्यातले दुसरीकडे कुठे मिळतात का, सध्या कोण वापरतंय, यातलं काहीही आधी कोणी विचारलं नव्हतं. संस्थेचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हा एका संस्थेचा प्रश्न राहिलेला नाही. यीस्टवाले, झेब्राफिशवाले, कृमीवाले, ज्यांच्याशी बोलावं त्यांच्याकडे याच भाषेतलं काहीतरी आलेलं आहे किंवा येईल म्हणून ते धास्तावलेले आहेत. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

पत्र यायच्या आधी पाहणीसाठी एक सदस्य आले होते. रॅकवर ओळीने लावलेल्या व्हायल्स, म्हणजे माश्यांच्या छोट्या बाटल्या, बघून त्यांनी विचारलं, "हे सगळं फ्रीझरमध्ये टाकून देता येणार नाही का, लागेल तेव्हा काढायचं?" प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता, मी उत्तरही दिलं, पण ते अहवालात आलं नाही. म्हणून इथे सविस्तर देते.

बॅक्टेरिया गोठवता येतात. यीस्ट गोठवता येतं. सी. एलेगन्स नावाचा मिलीमीटरभर लांबीचा गोलकृमी उणे ८० अंशांत वर्षानुवर्षं ठेवला तरी बाहेर काढल्यावर त्यातले बरेच पुन्हा वळवळायला लागतात. उंदराचे भ्रूण, उंदराचे आणि झेब्राफिशचे शुक्राणू द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहतात. फळमाशीचं तसं नाही. तिचे भ्रूण गोठवून परत जगवायच्या पद्धती निघाल्यात, अलीकडे त्यात चांगली प्रगतीही झालीय, पण हजारो स्टॉकसाठी, कुठल्याही साध्या फ्लाय रूमला रोज करता येईल इतकी ती सोपी अजून झालेली नाही. म्हणजे माशीचा स्टॉक ठेवायचा तर जिवंतच ठेवायचा. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट, म्हणून आम्ही स्टॉक १८ ला ठेवतो आणि दर तीन-चार आठवड्यांनी माश्या नव्या फूडच्या व्हायलमध्ये फ्लिप करतो. प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती, एक नवी एक जुनी, वेगवेगळ्या ट्रेमध्ये. एक फ्लिप हुकली तर जुनी प्रत असते, दोन्ही हुकल्या तर तो स्टॉक संपला, कायमचा. पुस्तक कपाटात बंद करून ठेवलं तर वीस वर्षांनी उघडता येतं, हा संग्रह दोन महिनेसुद्धा बंद ठेवता येत नाही.

आणि फ्लिप करणं म्हणजे नुसतं एका व्हायलमधून दुसऱ्या व्हायलमध्ये झटकणं असंही नाही. आमच्याकडच्या कितीतरी स्टॉकमधलं म्यूटेशन, म्हणजे जीनमधला बदल, असं असतं की त्याच्या दोन प्रती एका माशीत आल्या तर ती माशी मरते. असं म्यूटेशन पिढ्यानपिढ्या टिकवायचं कसं? तर त्याच्या जोडीला बॅलन्सर नावाचं एक खास गुणसूत्र ठेवतात, उलटसुलट जुळवलेलं, त्याची म्यूटेशनवाल्या गुणसूत्राशी अदलाबदल होत नाही, आणि त्याच्यावर ओळखीची खूण असते, उदाहरणार्थ वाकडे वळलेले पंख. दोन बॅलन्सरवाली माशी मरते, दोन म्यूटेशनवाली मरते, उरते ती एकेक घेतलेली. म्हणजे अशा व्हायलमधल्या प्रत्येक मोठ्या माशीचे पंख वाकडेच दिसायला हवेत. त्यात एक जरी सरळ पंखांची दिसली तर काहीतरी बिघडलंय, शेजारच्या व्हायलमधली माशी घुसलीय किंवा स्टॉक तुटलाय. आता गंमत नाही, अडचण अशी की पंखांची ही खूण तापमानावर अवलंबून असते, १८ अंशांना वाढलेल्या माश्यांचे पंख बऱ्याचदा जवळजवळ सरळच दिसतात, नवा माणूस एकतर घाबरून चांगला स्टॉक फेकून देईल नाहीतर बिघडलेला स्टॉक चांगला म्हणून पुढे चालवेल. अशा वेळी थोड्या माश्या २५ ला वाढवून परत बघायच्या, सीओटू पॅडवर (कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणून) झोपवून ब्रशने एकेक बाजूला करत. हे मॅन्युअलमध्ये दोन ओळीत लिहिलेलं असतं पण नजरेला बसायला वर्षं लागतात. त्यात माइट्स (गोचिडीसारखे बारीक जीव), बुरशी, फूड ओलं राहिलं तर माश्या चिकटून मरणं, इन्क्युबेटर बंद पडून तापमान ३० च्या आसपास गेलं तर नर वांझ होणं, हे वेगळंच. सुट्टीच्या दिवशी येऊन बघावं लागतं ते यासाठी.

हे एवढं का सांगतेय? कारण "संग्रह बंद करा" असं लिहिताना ज्यांनी लिहिलं त्यांना वाटलं असावं की एखादं मशीन बंद करतोय, गरज पडली की परत चालू करू. तसं होत नाही. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, त्यावरून जीन्स गुणसूत्रांवर असतात हे पक्कं व्हायला लागलं, पुढे १९३३ चं नोबेल मिळालं. त्या एका नराचं म्यूटेशन आजही जगभरच्या फ्लाय लॅबमध्ये जिवंत आहे. शंभराहून जास्त वर्षं, युद्धं झाली, मंदी आली, प्रयोगशाळा हलल्या, पण मधे एकदाही साखळी तुटली नाही कारण प्रत्येक वेळी कोणीतरी ती व्हायल फ्लिप केली.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी माश्यांचे तीन म्यूटंट शोधले. एकाचा दिवस सुमारे १९ तासांचा, एकाचा सुमारे २८ तासांचा, आणि तिसऱ्याला दिवसरात्रीचं भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जीनमध्ये. पण तो जीन वेगळा काढायचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. ते झालं १९८४ मध्ये. म्हणजे मधली १३ वर्षं त्या म्यूटंटचा "थेट उपयोग" काय असं जर कोणी फॉर्ममध्ये विचारलं असतं तर लिहायला फारसं काही नव्हतं, तरी माश्या जपल्या गेल्या. २००१ मध्ये कळलं की संध्याकाळीच गाढ झोप लागून पहाटे फार लवकर जाग येणाऱ्या काही कुटुंबांमध्ये त्याच प्रकारच्या मानवी जीनमध्ये बदल आहे. २०१७ मध्ये हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना नोबेल. आज झोपेचे विकार, शिफ्ट ड्यूटीचे परिणाम, औषध दिवसाच्या कुठल्या वेळी द्यावं, या सगळ्या चर्चेत ते शरीरातलं घड्याळ येतं. १९७५ च्या आसपास एखाद्या समितीने तो स्टॉक बंद करा म्हटलं असतं तर?

म्हणून माझा सगळ्यात मोठा आक्षेप "थेट संबंध" या निकषाला आहे. तुम्ही फॉर्मवर हा रकाना ठेवलाय आणि त्याला गुण देता. माणसाच्या पेशींवर काम असेल तर पैकीच्या पैकी, माशी किंवा कृमी असेल तर आधीच मागे. औषधं प्रत्यक्षात कशी आली ते एकदा बघा.

१९८० मध्ये क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी हायडेलबर्गमध्ये माशीच्या अळ्यांची रचना बिघडवणारे म्यूटंट शोधून मांडले. हजारो व्हायल्स, दोघं समोरासमोर एकाच सूक्ष्मदर्शकावर बसून अळ्या बघत होते. त्यातला एक जीन हेजहॉग, त्याच्या म्यूटंट अळीच्या अंगभर काटे येतात. १९९३ मध्ये तसेच जीन पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतही असल्याचं पुढे आलं. तिकडे अमेरिकेत आयडाहोमध्ये १९५० च्या दशकात एकच डोळा असलेली कोकरं जन्माला येत होती, कारण गाभण मेंढ्या एक रानटी वनस्पती खात होत्या, त्यातलं सायक्लोपामिन हे रसायन पुढे ओळखलं गेलं, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी समजलं की ते नेमका हेजहॉगचा मार्ग, म्हणजे या जीनचा निरोप पेशीत पोहोचवणारी साखळी, अडवतं. त्याच दशकात हेही दिसलं की बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये हाच मार्ग नको तेव्हा चालू राहतो. २०१२ मध्ये हा मार्ग अडवणारं व्हिस्मोडेगिब हे औषध मंजूर झालं. अळीच्या काट्यांपासून कॅन्सरच्या औषधापर्यंत ३२ वर्षं. यातल्या कुठल्या वर्षी तुमच्या रकान्यात गुण मिळाले असते? पहिली निदान दहा-बारा वर्षं तरी शून्य.

कृमीचंही तेच आहे. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी सी. एलेगन्समध्ये एक चिमुकला आरएनए (जीनवरून बनणारा रेणू) दुसऱ्या जीनला गप्प करतो हे दाखवलं, तेव्हा बहुतेकांना ती फक्त कृमीची खासियत वाटली. २००० मध्ये दुसरा तसाच आरएनए सापडला आणि तो माणसातही होता. २०२४ चं नोबेल त्याला. १९९८ मध्ये फायर आणि मेलो यांनी याच कृमीत दुहेरी आरएनए टोचून जीन बंद करता येतो हे दाखवलं, २००६ मध्ये नोबेल, आणि २०१८ मध्ये त्या तत्त्वावरचं पहिलं औषध पॅटिसिरान मंजूर झालं, नसा निकामी करत जाणाऱ्या एका आनुवंशिक आजारासाठी. त्या आजाराच्या माणसाला विचारा कृमीचा आणि आरोग्याचा संबंध थेट आहे की नाही.

पुढचा मुद्दा, "बाहेरून मागवा." बाहेर म्हणजे कुठून? अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं ब्लूमिंग्टन स्टॉक सेंटर आहे, ७०,००० हून जास्त स्टॉक सांभाळतात, व्हिएन्ना आणि क्योटोमध्येही मोठे संग्रह आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण तिथे सगळं नाही. प्रयोगशाळेत कोणी वर्षभर क्रॉस लावून तीन-चार म्यूटेशन एका माशीत आणलेली असतात, जुन्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या आणि अजून छापून न आलेल्या लाइन्स, म्हणजे वंश, असतात, त्या फक्त इथेच आहेत. आमच्या संग्रहात असे बरेच आहेत. ते सेंटरकडे पाठवायचे तर आधी माइट्स नाहीत हे बघायचं, जीनोटाइप, म्हणजे माशीत नेमके कोणते जीन बदललेले आहेत ते, तपासायचा, माहिती लिहायची, सेंटरला जागा आहे का ते विचारायचं. आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत हे होणारच नाही, आणि टेक्निशियन काढून टाकल्यावर करणार कोण?

शिवाय मागवलेलं तेच असेल याची खात्री कुठे आहे? उंदरांचं उदाहरण देते. जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा उंदीर म्हणजे सी-५७ ब्लॅक-६. त्याच्या दोन मोठ्या शाखा आहेत, जे आणि एन, कित्येक दशकं वेगळ्या वाढवलेल्या. जे शाखेत पेशीतल्या ऊर्जेशी संबंधित एनएनटी हा जीन निकामी आहे, त्याचा साखरेच्या आणि इन्सुलिनच्या प्रयोगांवर परिणाम होतो. एन शाखेत डोळ्याच्या पडद्याचा ऱ्हास करणारं एक म्यूटेशन आहे. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी डोळ्यात दिसलेला दोष आपण बदललेल्या जीनमुळे आहे असं समजायचा धोका होता. पेपरमध्ये मात्र दोन्हीला नुसतं "ब्लॅक-६" लिहिलेलं असायचं. स्टॉक म्हणजे नाव नाही, त्याचा सगळा वंश आणि नोंदवही त्यात येते. आपल्याच प्रयोगाचं दहा वर्षांनी उत्तर तपासायचं असेल तर तोच स्टॉक हवा.

एकाच जागी सगळं ठेवलं की काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या तळघरात पाणी शिरलं आणि संशोधनाचे हजारो उंदीर बुडाले, कितीतरी जणांचं वर्षानुवर्षांचं काम गेलं. त्यातल्या काहींना पुन्हा उभं राहता आलं कारण त्यांच्या लाइन्स आधी इतर प्रयोगशाळांना दिलेल्या होत्या आणि त्यांनी त्या परत देऊ केल्या. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असणं हा खर्च वाया जाणं नाही. तुमच्या पत्रात मात्र आमच्या संग्रहाला "दुबार" म्हटलंय.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त ऐकवलं जातं तो. प्राण्यांवरचे प्रयोग कमी व्हायला हवेत, आता ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेले अवयवांचे छोटे नमुने) आलेत, चिपवरचे अवयव आलेत, कॉम्प्युटर मॉडेल आलेत. हो, कमी व्हायला हवेत, मी मनापासून म्हणते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन तत्त्वं मांडली, शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ती मला पटतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची राहिली नाही, तेही चांगलं झालं. पण याच कारणाने माशी, कृमी आणि यीस्ट बंद करणं हे माझ्या डोक्यात बसतच नाही, कारण उंदीर आणि माकडं वाचवायची असतील तर पहिली चाळणी इथेच लावता येते. माणसाच्या आजारांशी संबंधित जीन्सपैकी साधारण तीन-चतुर्थांश जीन्सचं काहीतरी रूप माशीत सापडतं. पेशीचं विभाजन कसं नियंत्रित होतं हे हार्टवेल आणि नर्स यांनी यीस्टमध्ये शोधलं, पेशी स्वतःचा कचरा कसा पचवते हे ओसुमींनी यीस्टमध्ये शोधलं, दोन्हीला नोबेल, एकही उंदीर न मारता. आणि ऑर्गनॉइडला झोप येत नाही, भूक लागत नाही, ते म्हातारं होत नाही, जोडीदार शोधत नाही. अख्खं शरीर बघायचं असेल तर अख्खं शरीर लागतं, मग ते ३०२ मज्जापेशींच्या कृमीचं का असेना.

मॉडेल, म्हणजे माणसाऐवजी अभ्यासायला घेतलेले जीव, चुकतात हेही खरंय आणि ते लपवायचं कारण नाही. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं, तोवर दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. गाभण प्राण्यांवर ते आधी नीट तपासलंच नव्हतं, आणि नंतर तपासलं तेव्हाही उंदरांमध्ये तसा परिणाम सहजी दिसेना, सशांमध्ये आणि माकडांमध्ये दिसला. त्याचं कारण कळायला २०१० उजाडलं. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी झेब्राफिश आणि कोंबडीच्या भ्रूणांच्या मदतीने थॅलिडोमाइड ज्याला चिकटतं ते सेरेब्लॉन नावाचं प्रोटीन शोधलं, पुढे कळलं की उंदराचं सेरेब्लॉन माणसापेक्षा थोडंसं वेगळं आहे. म्हणजे एका प्राण्याने फसवलं त्याचं उत्तर दुसऱ्या प्राण्यांकडून मिळालं. यातून मला तरी हेच दिसतं की जितके वेगवेगळे जीव हाताशी तितकी फसवणूक लवकर पकडली जाते. तुम्ही उलट दिशेने चाललाय, सगळा निधी एका-दोन मॉडेलवर.

डेटाबेसबद्दल थोडक्यात. फ्लायबेस १९९२ पासून आहे, प्रत्येक जीन, प्रत्येक म्यूटंट, कोणी काय पाहिलं, सगळं तिथे माणसांनी वाचून, तपासून नोंदवलेलं. २०१६ मध्ये अशा डेटाबेसच्या निधीला कात्री लागणार म्हटल्यावर हजारो शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. २०२५ मध्ये हार्वर्डचे निधी रद्द झाले तेव्हा फ्लायबेसचाही त्यात गेला, लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि प्रयोगशाळांकडे मदत मागायची वेळ आली. तुमचे सगळे प्रकल्प, "थेट संबंध" वाले सुद्धा, रोज हे डेटाबेस फुकट वापरतात. रुग्णाच्या जीनमध्ये एखादा अनोळखी बदल सापडला की डॉक्टर आधी बघतात तो माशीत, माशात, उंदरात काय करतो.

आणि शेवटी माणसं. हे लिहिताना मला जड जातंय पण लिहिते. ज्या सी-५७ ब्लॅक उंदरावर आजची निम्मीअधिक उंदरांची दुनिया उभी आहे त्याचं मूळ अॅबी लॅथ्रॉप नावाच्या बाईंच्या पिंजऱ्यांत आहे. शाळेतली नोकरी सोडलेल्या शिक्षिका, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बीत हौशी लोकांना विकायला उंदीर पाळायच्या, मग प्रयोगशाळांना द्यायला लागल्या. कुठल्या उंदराला कोणती पिल्लं, कोणाला गाठ आली, सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या तेव्हा त्यांनी स्वतः शास्त्रज्ञांना नमुने पाठवले आणि लिओ लोब यांच्यासोबत कॅन्सरवर पेपर लिहिले. डॉक्टरेट नव्हती त्यांच्याकडे. नजर होती आणि नोंदवही होती. आमच्यासारख्यांना तुम्ही पत्रात "सहायक मनुष्यबळ" लिहिता, कंत्राट वर्षावर्षाने वाढवता, आणि खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली लाल रेघ आमच्यावर ओढता. फ्लाय रूमचा अनुभवी माणूस गेला की वाकडे पंख आणि सरळ पंख यातला फरक सांगणारं कोणी उरत नाही, मग स्टॉक व्हायलमध्ये जिवंत दिसतात पण लेबलवर लिहिलेले ते नसतात, आणि ते कळतं तेव्हा कोणाचा तरी पीएचडीचा अर्धा वेळ गेलेला असतो.

मागण्या सरळ लिहिते.

आमच्यासारखे संग्रह बंद करायचे सगळे आदेश लगेच स्थगित करा, आणि आधी प्रत्येक ठिकाणी यादी करा की कोणते स्टॉक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. ही यादी ज्यांनी स्टॉक सांभाळलेत त्यांच्याकडून करून घ्या, बाहेरची एजन्सी नेमू नका.

एखादा संग्रह खरंच बंद करावा लागला तर निदान वर्षभराची मुदत द्या, आणि असा प्रत्येक एकमेव स्टॉक दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचून, तिथे एकदा पिढी वाढून, जीनोटाइप तपासून झाल्याचं लेखी आल्याशिवाय इथली व्हायल टाकू नका. जे गोठवता येतं, कृमी, शुक्राणू, भ्रूण, ते गोठवायचा खर्च त्या मुदतीतच मंजूर करा.

जिवंत संग्रह आणि डेटाबेस यांच्या देखभालीला स्वतंत्र लेखाशीर्ष हवं, किमान १० वर्षांच्या मुदतीचं. सध्या हा खर्च तीन वर्षांच्या प्रकल्पांच्या पाठीवर चालतो, प्रकल्प संपला की फूड बनवणाऱ्याचा पगार संपतो. माशीला तुमचं आर्थिक वर्ष कळत नाही.

टेक्निशियनची पदं कायम करा, निदान प्रत्येक संग्रहामागे दोन, म्हणजे एक आजारी पडला तरी फ्लिप चुकणार नाही आणि एकाकडून दुसऱ्याला शिकता येईल. ज्या पेपरसाठी आम्ही स्टॉक बनवतो, दुरुस्त करतो, तपासतो, तिथे आमचं नाव लेखकांमध्ये यावं असा नियम करा.

मूलभूत संशोधनाच्या अर्जांतून "मानवी आरोग्याशी थेट संबंध" या रकान्याचे गुण काढून टाका. रकाना ठेवायचाच असेल तर माहितीसाठी ठेवा, त्यावर निधी ठरवू नका. आणि मूल्यांकन समितीत मॉडेल ऑर्गॅनिझमवर स्वतः काम केलेला निदान एक माणूस असू द्या. आमच्याकडे पाहणीला आलेल्या समितीत एकही नव्हता.

हे मान्य नसेल तर का नाही ते लेखी आणि जाहीर सांगा, म्हणजे त्यावर बोलता येईल. फोनवर "बघू, विचार चालू आहे" असं उत्तर मला आणि माझ्यासोबतच्या लोकांना आतापर्यंत बऱ्याचदा मिळालंय आणि तेवढ्या वेळात व्हायल्स थांबत नाहीत.

आमच्याकडच्या एकमेव स्टॉकची यादी, कोणी कधी बनवला, जीनोटाइप काय, सध्या कोण वापरतंय, या सगळ्यासकट मी तयार केलेली आहे. कुठल्याही समितीच्या सदस्याने मागितली तर त्याच दिवशी पाठवते, आणि कोणी बघायला आलं तर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचीही माझी तयारी आहे.

आपली,
फ्लाय रूम सांभाळणारी एक टेक्निशियन